खांद्यावरचा पट्टा

मी आमचं मूल गाव सोडलं त्या दिवशी पुण्याची बस बाबांमुळे चुकणारच होती. बाबा राईस मिलमध्ये मिस्त्री. नोकरीसाठी बाहेर जाताना आधी मालकांच्या पाया पडायचं, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून मी बॅग घेऊन मिलमध्ये उभी होते.

धान वर चढवणारं एलिव्हेटर अडकलं होतं आणि एक हमाल खाली खड्ड्यात उतरला होता. बाबांनी मोटरचा पट्टा काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलेला. माणूस आत असेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. ट्रक खोळंबले होते. मशीन चालू कर म्हणून मालक ओरडत होते. बाबांनी मान खाली घातली.

"मालक, मानूस आत हाये. तो वर आल्याबिगर पट्टा नाई चढवत मी."

मला मात्र त्या 'मालक'चीच लाज वाटली.

तिकडे कसं असतं, असं गावाकडच्या मैत्रिणी विचारतात. इथे पुण्याच्या कारखान्यात मालक कुणी नाही, बॉस असतात, आणि त्यांनाही नावाने हाक मारायची. एका ट्रेनिंगमध्ये कळलं की 'बॉस' हा शब्द डचांचा. अमेरिकेतल्या गोऱ्या नोकरांना 'मास्टर' म्हणायचं नव्हतं, ते गुलामांनी म्हणायचं. म्हणून त्यांनी हा उचलला. मी फुशारकीने बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी मूळ अर्थ विचारला. धनी, म्हणजे मालकच, हे सांगताना माझी पंचाईत झाली. बाबा पोटभर हसले.

गेल्या मंगळवारी मी चालवते त्या प्रेस मशीनच्या जाळीआड फिटर दुरुस्तीला शिरला होता. बाहेर कस्टमर आलेले. ज्यांना मी नावाने हाक मारते ते आमचे बॉस हसत म्हणाले, चालू कर, तो निघेलच. माझं कायम होण्याचं पत्र त्यांच्याच सहीवर अडलेलं. 'नाही' एवढा एक शब्द तोंडातून निघेना. हात किल्लीवर होता. मी ती काढली आणि खिशात टाकली.

"बॉस, माणूस आत आहे." ते कस्टमरकडे निघून गेले.

पत्र अजून आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. मूलला परतावं लागेल या विचाराने पूर्वी भीतीही वाटायची आणि लाजही. आता भीती आहे, पण लाज नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. पत्राचं त्यांनी विचारलंच नाही.

"मानूस बाहेर आला ना?"

आला म्हटलं.

"मंग जेवून घे."