ट्रेड : टर्नर

पहिल्या दिवशी मला मशीन दाखवण्याआधी कुत्रा दाखवला.

सकाळचे आठ वाजले होते. खिशात सरकारी शिक्क्याचं पत्र : अ‍ॅप्रेंटिस, ट्रेड टर्नर, मुदत एक वर्ष. अंगात नवी खाकी. हातात साबणाची वडी. वर्क्स मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यामागे, नळाखाली, सीझर नावाचा तो कुत्रा बांधलेला होता. बाईसाहेब पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हा साबण त्याचा आहे. तू हाताला लावू नकोस. तुझ्यासाठी तिकडे माती आहे."

माती.

सांगलीत आयटीआयला मी दोन वर्षं लेथवर, लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, काढली होती. केसाहून बारीक फरक मोजायचं मायक्रोमीटर या हातांनी धरलं होतं. त्या हातांना माती. अंघोळ झाली, कुत्रा अंग झाडत माझ्यासमोरून आत गेला. तो स्वयंपाकघरापर्यंत जायचा. माझी हद्द पायरीपर्यंत होती. पायरीला हात टेकला तर त्यावर पाणी ओतलं जायचं.

कारखाना साखरेचा. सातारा जिल्ह्यातला. नाव लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे स्वतःला धुतल्या तांदळासारखे समजायला लागतात.

आमचं घर पाटणच्या बाजूला. जात मांग. बाप घायपाताचे दोर वळायचा. कासरे, दावी, नाडे. गावातला एकही बैल त्याच्या दोराशिवाय बांधलेला नव्हता. पण लग्नसराईत तोच बाप गळ्यात हलगी अडकवून मांडवाबाहेर उभा राहायचा आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलेलं घेऊन घरी यायचा. दहावीनंतर मी आयटीआयचा अर्ज आणला तेव्हा त्याने माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "दोर वळणारा हात हाय. लोखंड बी ऐकंल."

लोखंडाने ऐकलं. आयटीआयमध्ये आमचे सर मिरजेचे, जातीने मुसलमान, तीन पिढ्या लोखंडात गेलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला लेथपुढे उभं केलं आणि चाक माझ्या हातात दिलं. जात विचारली नाही. चष्मा लावतोस का एवढंच विचारलं. मला तेव्हा वाटलं, जग असंच असणार. दोन वर्षं मी या गैरसमजात सुखाने काढली.

कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागायचे. कायदा होता. वर्कशॉपमध्ये आम्हाला "कायद्याचे पावणे" म्हणायचे. वर्षाच्या शेवटी परीक्षा असायची. परीक्षकासमोर लेथवर काम करून दाखवायचं. पास झालं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की सांगली-मिरजेच्या कुठल्याही वर्कशॉपचं दार उघडं. नापास झालं की परत गाव. परत हलगी.

आमचा फोरमन लष्करातून आलेला. सगळे त्याला आबा म्हणायचे. मिशा कडक, चाल कडक, कणा मात्र साहेब दिसला की दावणीला बांधल्यासारखा. त्याने मला एक वही दिली. वरच्या पानावर नाव, खाली "ट्रेड : टर्नर". रोज काय शिकलो ते त्यात लिहायचं, शनिवारी आबाने सही करायची. वर्षाच्या शेवटी ती वही सरकारला दाखवायची.

पहिल्या शनिवारी मी विचारलं, "आबा, लिवू काय? आठवडाभर कुत्रा धुतला, गाद्या वाळत घातल्या, बागंत पाणी घातलं."

"येडा का काय रं तू? लिव. सोमवार, आटे पाडले. मंगळवार, निमुळता शाफ्ट कापला. आयटीआयात शिकलास न्हवं? तेच लिव. अक्षर तेवढं बरं काढ."

अक्षर मी बरं काढलं. आठ महिने त्या वहीत मी अव्वल दर्जाचा टर्नर होतो. कागदावर मी रोलरचे शाफ्ट कापले, बुश बसवले, आटे पाडले. प्रत्यक्षात बाईसाहेबांच्या माहेरची माणसं आली की सायकल मारत उंब्रजच्या बाजारात जायचो आणि कोंबड्या आणायचो. मला वाचनाची खोड होती. सांगलीत असताना वाचनालयातली कादंबऱ्यांची दोन कपाटं मी संपवली होती. पण एवढी थापाडी कादंबरी कुठे वाचली नव्हती. ही तर मीच लिहीत होतो आणि आबा दर शनिवारी सही करत होता.

एकदा धीर करून म्हटलं, "आबा, मशीनवर घ्या की. हात इसरंल."

आबा तंबाखू मळत म्हणाला, "दोन साल मेजरसाबचं बूट पालिश केलं म्या. तवा कुठं मशीन दावलं मला. तुला काय आभाळातनं पडून मिळणार व्हय गड्या?"

म्हणजे याला बूट पुसायला लावले म्हणून मी कुत्रा धुवायचा. आणि माझ्यामागून येणाऱ्याने काय धुवायचं? झालेल्या अपमानाला हा माणूस शिक्षण समजत होता. वर ते दुसऱ्याला द्यायला निघाला होता. मला त्याचा राग आला नाही. किळस आली.

परीक्षेला साडेतीन महिने राहिले तेव्हा मी साहेबांनाच गाठलं. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पायाशी सीझर. मी म्हणालो, "साहेब, परीक्षा जवळ आली. आठ महिन्यांत लेथला हात लागला नाही. मला वर्कशॉपमध्ये पाठवा."

साहेबांनी पेपर खाली केला नाही. पेपराच्या मागूनच बोलले. "आणि कुत्रा कोण बघणार? परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस. परीक्षक माझ्या ओळखीचा असतो. प्रमाणपत्र मिळवून देतो. तुम्हा लोकांना शेवटी कागदच हवा असतो ना?"

तुम्हा लोकांना. कागदच.

आजवर मातीने हात घासले होते. पायरीवर पाणी ओतलेलं पाहिलं होतं. ते गिळलं होतं. हे घशाखाली उतरेना. माझ्या हाताला काही येत असेल, मला काही यावंसं वाटत असेल, हे त्या माणसाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या बापाचा दोर ओढून पाहिल्याशिवाय शेतकरी घ्यायचा नाही. आणि इथे एक शिकलेला माणूस मला न ओढलेला दोर गळ्यात घालून बाजारात पाठवत होता. वर उपकार म्हणून.

त्या शनिवारपासून मी वहीत खरं लिहायला लागलो. बंडबिंड काही मनात नव्हतं. उलटी आली की माणूस मुहूर्त बघत नाही, तसं. फक्त अक्षर आणखी वळणदार काढलं. आबाने नेहमीप्रमाणे पान उलटलं, सही केली. पुढच्या शनिवारीही केली. चार आठवडे केली. त्या वहीत अक्षर बघायचं असतं, मजकूर नव्हे, अशी वर्कशॉपची रीतच होती.

मग मेळावा आला.

पोरांना कारकुनीच्या नादातून सोडवून व्यवसायशिक्षणाकडे वळवायचं, असं चेअरमनसाहेबांच्या मनाने घेतलं होतं. कारखान्याच्या पटांगणात मांडव पडला. आसपासच्या हायस्कुलांतली पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून आणली. व्यासपीठावर चेअरमन, साहेब, दोन मुख्याध्यापक आणि अ‍ॅप्रेंटिसांचं काम बघणारे एक सरकारी अधिकारी. आम्ही सहा अ‍ॅप्रेंटिस धुतलेल्या खाकीत पहिल्या रांगेत. आम्हाला बसायला सतरंजी होती. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना खुर्च्या. श्रमाची प्रतिष्ठा सतरंजीवर बसली होती.

चेअरमन बोलायला उठले. "बाळांनो, पांढऱ्या कॉलरचा मोह सोडा! हातात पाना घ्या! ज्याच्या हाताला काळं लागतं, त्याचंच घर उजळतं!" टाळ्या. त्यांचा थोरला पुण्यात डॉक्टरकी शिकत होता, धाकट्याला इंजिनीअरिंगला चिकटवला होता. पाना आमच्या हाताला.

"मी काय सांगणार?" ते म्हणाले. "आमचा हा अ‍ॅप्रेंटिसच तुम्हाला सांगंल. ही बघा त्याची वही. काय अक्षर! मोती!"

आणि माझी वही वर धरली. वह्यांतली सगळ्यात देखणी पाहून आबाने ती आदल्या दिवशी व्यासपीठासाठी काढून दिली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी गप्प बसलो असतो.

चेअरमनांनी शेवटचं पान उघडलं आणि माईकवर खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"सोमवार. साहेबांच्या कुत्र्याला अंघोळ घातली. मंगळवार. बंगल्यावरच्या पाहुण्यांसाठी उंब्रजहून चार कोंबड्या आणल्या. बुधवार. कोंबड्या सोलल्या. लेथ बघितला नाही. गुरुवार. कुत्र्याला..."

तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज उतरला, पण सुरू झालेलं भाषण थांबवायची त्यांना सवय नव्हती. गुरुवारपर्यंत गेलेच. मांडवात आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग पाचशे पोरं खदाखदा हसली. मागून एक आवाज आला, "आयला, हे शिकाय कशाला जायाचं? आमच्या घरी बी कुत्रं हाय!"

साहेब अर्धे उठले. "पोरटं चेष्टा करतंय. जरा डोक्यात फरक आहे त्याच्या."

सरकारी अधिकाऱ्यांनी चेअरमनांच्या हातातून वही घेतली. पानं चाळली. "खाली सही आहे," ते हळू म्हणाले. "प्रत्येक पानाखाली आहे." आबाने मान खाली घातली.

आता काहीतरी होईल असं मला वाटलं. झालं. चेअरमन मुरलेले होते. त्यांनी माईक परत ओढला, हात वर केला आणि म्हणाले, "हसू नका! हसता काय? याला म्हणतात श्रमाची प्रतिष्ठा! या पोरानं कुठलंच काम हलकं मानलं नाही! अरे, कुत्र्याची सेवा सुद्धा सेवाच!"

आणि टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी वाजवल्या, म्हणून मास्तरांनी, म्हणून पोरांनी. साहेबांनीही वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने त्यांनीच. मघाशी हसणाऱ्यांचे तळहात आता माझा गौरव करत होते. मला हसलेलं परवडलं असतं. हसण्यात निदान खरेपणा होता.

चेअरमनांनी मला वर बोलावलं. हातात नारळ आणि टॉवेल घेऊन ते उभे होते. मी पायऱ्या चढलो. नारळ पुढे आला. मी हात मागे घेतले.

"घे की रं," ते दात आवळून हसत म्हणाले. "फोटो काढायचाय."

मी म्हणालो, "नारळ नको. लेथ द्या."

माईक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय?"

"नऊ महिने झाले. मी टर्नर आहे. मला लेथ द्या. परीक्षेला अडीच महिने राहिलेत."

साहेब कुजबुजले, "खाली उतर." मी उतरलो नाही. नारळ हवेतच होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. शेवटी अधिकारी म्हणाले, "मॅनेजरसाहेब, उद्यापासून याला मशीनवर घ्या. वही माझ्याकडे राहील." त्यांच्या आवाजात शौर्य नव्हतं, लाज होती. मला चालली.

दुसऱ्या दिवशी मला मशीन मिळालं. वर्कशॉपमधलं सगळ्यात जुनं, कोपऱ्यातलं, कुणी न वापरणारं. त्याच्या चाकाला एवढी ढिलाई होती की अर्धा फेरा फिरवला तरी हत्यार जागचं हलायचं नाही. दोन दिवस मी नुसतं लोखंड वाया घालवलं. तिसऱ्या दिवशी आबा मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "जादा मागं घे आन् मग म्होरं आण. ढिलाई संपल्याबिगर मापावर इसवास ठिवू नगं." जाता जाता थांबला. "माझं प्रमोशन घालवलंस. लय खोडीचा हायस." राग होता त्यात. पण शिकवलं खरं.

अडीच महिने मी त्या मशीनशी झगडलो. परीक्षेत बोल्टवर आटे पाडायचे होते आणि त्याला नट बसवायचा होता. परीक्षकाने नट वर ठेवला, बोटाने एक फेरा दिला आणि हात काढून घेतला. नट आपल्या वजनाने, न अडखळता, आट्यावरून खाली उतरत गेला. मी तो बघत उभा होतो. कुणी नारळ दिला नाही. त्याची गरजही नव्हती. माझ्या हाताने केलेली ती वस्तू बरोबर होती, आणि ते ठरवायला चेअरमन लागत नव्हता.

पास झालो. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "झालं गेलं विसर. तुला कायम करतो. बंगल्यावर."

मी निघालो. सांगलीची एसटी धरली.

तेव्हापासून लोखंडातच आहे. लेथने मला पोट दिलं, बापाच्या गळ्यातली हलगी उतरवली. हात काळे होतात, ते रॉकेलने निघतात. व्यवसायशिक्षण चांगलं का, असं कुणी विचारलं तर माझ्याइतकं ठाम "होय" दुसरा कुणी म्हणणार नाही. पण जो ते "कमी डोक्याच्या पोरांसाठी", "गरिबाच्या पोरांसाठी", "तुम्हा लोकांसाठी" म्हणून सांगतो, त्याच्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटवायचा माझा विचार नाही.

अजून मेळावे होतात. हायस्कूलवाले मला बोलावतात. टर्नर असून बोलता येतं, याचं त्यांना कौतुक. मी जातो, पण अट आधी कळवतो. व्यासपीठावर जो जो बसेल, त्याने बोलण्याआधी उभं राहून सांगायचं : माझा मुलगा काय शिकतो आणि कुठे. मग पोरांना म्हणायचं, हातात पाना घ्या. शिराळ्याच्या बाजूच्या दोन शाळांनी ही अट वाचून बोलावणं मागे घेतलं. एका चेअरमनने निरोप धाडला, मिस्त्री, अट तेवढी सोडा, सत्कार करतो.

सोडणार नाही.