सत्त्वाचं पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यातले कामगार ‘सत्त्वबाई’ म्हणत. तिथल्या भटारखान्यात त्यांची उभी हयात गेली. पानगळ सुरू झाली की त्या पिशव्या घेऊन सगळ्यांच्या आधी मंडईत हजर. लाल भोपळा, रताळी, पालक, डाळिंबं. त्या दिवसांत जमीन जे देते तेच त्यांच्या पातेल्यात पडायचं.

कुणी कुरकुरलं, “काय बाई, परत भोपळा?” की उत्तर तयार.

“देवाने ह्या दिवसांत हाच दिलाय. जा, त्याच्याशी भांड.”

भाजी उकडलेलं पाणी त्यांनी कधी फेकलं नाही. डाळीत, भातात, कणकेत, कुठेतरी जिरवायच्याच. मी एकदा मोरीत ओतायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. “अगं, सगळं सत्त्व त्यातच उतरलेलं असतं. ते ओतून देऊन चोथा खायचा का आपण?”

ह्या उन्हाळ्यात भाऊजींची मूत्रपिंडं अधू झाल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “भोपळा, रताळं, पालक, डाळिंब बंद. बाकीच्या भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी टाकून द्या. त्यातला क्षार ह्यांच्या अंगातून बाहेर पडत नाही, साठून हृदयावर येतो.”

जाऊबाईंनी सगळं ऐकून मान डोलावली. पानगळ आली तरी भोपळा घरात आला नाही. मंडईत त्याच्यावर नुसता हात फिरवून त्या पुढे जायच्या. 

“कारखान्याला जन्मभर भोपळा आणि नवऱ्याला चोथा,” भाऊजी चिडवायचे.

“चोथा नाही हो. तुमच्या वाटचं सत्त्व कुठे जात नाही,” त्या म्हणायच्या. मला वाटलं, नुसता धीर देतायत.

भाऊजी मात्र खंगतच चालले. हातातला पेला निसटायला लागला. “ह्यांच्या अंगात काही राहतच नाही गं,” असं म्हणत त्या ताटात अजून एक डाव भात वाढायच्या. आणि एका सकाळी खुर्चीतून उठताना भाऊजी कोसळले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “भाज्या उकळून देत होतात ना?”

“न चुकता.”

“आणि पाणी?”

“त्यात भात शिजवत होते. थेंबही वाया घालवला नाही.” शाबासकी मिळेल अशा सुरात त्या बोलल्या.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, जे काढायचं होतं तेच तुम्ही रोज परत घातलंत.”

जाऊबाई खाली बसल्या नाहीत की रडल्या नाहीत. आपल्या दोन्ही हातांकडे मात्र बघत राहिल्या.

भाऊजी वाचले. पुन्हा असं झालं तर हृदय तग धरणार नाही, असं सांगून त्यांना घरी सोडलं. त्या दिवसापासून जाऊबाईंनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला नाही. मी भाज्या उकळते, पाणी मोरीत ओतते. तो आवाज आला की बाहेरच्या खोलीत त्या पदर तोंडाशी धरतात.

भाऊजींना माझ्या हातचं जात नाही. आज दोन घास खाऊन त्यांनी ताट सारलं. “धाकटे, तुझं वाईट नाही गं. पण हिच्या हातचं आण. आता तिला ठाऊक आहे ना काय करायचं ते.”

मी जाऊबाईंना हाक मारली. म्हटलं, “तुम्ही नुसतं फोडणीला टाका, मी शेजारी उभी राहते.”

“माझ्या हातांनी काय केलं ते तू पाहिलंस ना?” त्या म्हणाल्या. “आता हे हात त्यांच्या ताटाला लागायचे नाहीत.”

भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं. मनगटं बोरूसारखी झालीयेत त्यांची. ह्या रांधत नाहीत, ते दुसऱ्याचं जेवत नाहीत. मी देवापुढे हात जोडून बसले तर काय मागायचं तेच सुचेना. उठले आणि निवलेलं ताट झाकून ठेवलं.