पितराच्या वाटीतला नीलम

गिरजाबाईंच्या घरी पाटावर बसलो, तेव्हा मी त्या दिवसापुरता त्यांचा मेलेला नवरा होतो. समोर ताटात आंबट रसाची वाटी होती. रस आंबट का, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि आजवर ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतो.

आधी रीत समजून घ्या. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. तिच्यावर आंबा ठेवतात. गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला त्या गेलेल्याच्या जागी बसवून रसपोळी वाढतात. त्याला पितर म्हणतात. तो जेवल्याशिवाय घरात कुणी रसाला बोट लावत नाही. पितराला काम काहीच नसतं. जेवायचं आणि तृप्त व्हायचं. सरकारी नोकराला जमण्यासारखं आहे.

मी तेव्हा आंजीजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेचा इनचार्ज होतो. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. घरोघरी परसात आंबा लावायची एक स्कीम निघाली होती. स्कीम चांगली होती. वाईट एवढंच होतं की ती आमच्या हातात होती.

परसात कोणता आंबा लावावा, हे विचारायला लोक येत. नव्वद टक्के लोकांचं उत्तर घरून ठरून आलेलं असे : हापूस. कुणाच्या तरी मेव्हण्यानं मुंबईहून पेटी आणलेली असायची. आमच्या उन्हात हापूस झाड होतो, आंबा होत नाही, हे मी सांगून पाहायचो. मग ते मला काही कळत नाही असं म्हणून जायचे. लंगडा चवीला उत्तम, पण एक वर्ष भरपूर फळ देतो आणि पुढचं वर्ष रजेवर जातो. दशहरी बरा. आणि मग नीलम. झाड लहान, अंगणात मावतं, फळ बहुतेक दरवर्षी. दोष एकच. नीलम गरवा आहे.

हळवा म्हणजे लवकर पिकणारा, गरवा म्हणजे उशिरा. नीलम इतका गरवा, की इतर आंबे संपून लोक छत्र्या दुरुस्तीला टाकतात तेव्हा तो पिकायला लागतो. पावसात पिकल्यामुळे फळमाशी त्याच्यात अंडी घालते आणि आंब्यासोबत अळ्याही मिळतात, मोफत.

त्या वर्षी वरून आम्हाला ट्रकभर नीलमची कलमं आली. मागितली नव्हती. दक्षिणेत कुठेतरी जास्त झाली असावीत. आमचे मोठे साहेब पाहणीला आले आणि कुंड्यांच्या रांगा बघून म्हणाले, “बोंदरे, इन्स्पेक्शनच्या आधी हे सगळं उठलं पाहिजे.”

“सर, लोक नीलम घेत नाहीत. उशिरा पिकतो.”

“आंबा म्हणजे आंबा. लोकांना सावली मिळते, फळ मिळतं, आपल्याला रिपोर्ट मिळतो. आणखी काय पाहिजे?”

“हो सर.”

“आणि विहिरीजवळच्या त्या झाडाची कलमं बाजूला ठेवा. बंगल्यावर पाठवा.”

विहिरीजवळचं झाड गावरान होतं, कुणी लावलं ते कुणाला माहीत नव्हतं. आख्ख्या भागात सर्वांत आधी त्याला पाड लागायचा, म्हणजे पहिलं फळ झाडावरच पिकून खाली पडायचं. अखजी पंचांगात लवकर येवो की उशिरा, त्याच्या फांदीवर दोन-चार तरी पिवळे सापडत. त्याची कलमं करणं मात्र कटकटीचं. त्या काळी आम्ही भेट कलम करत होतो. कोयीपासून वाढवलेल्या रोपाची कुंडी झाडाच्या फांदीपर्यंत न्यायची, रोपाची आणि फांदीची साल थोडी तासायची, दोन्ही एकमेकांना बांधायची, आणि जुळेपर्यंत कुंडीला पाणी घालत राहायचं. या झाडाच्या फांद्या उंच, म्हणून माच बांधून कुंड्या चढवाव्या लागत. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कलमं साधत. ती जांभळीच्या सावलीत वेगळी ठेवली होती. साहेबांच्या नावानं.

त्याच आठवड्यात गिरजाबाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर रिकामं घमेलं.

“सायेब, आंबा पाह्यजे. आंगणात लावाले.”

“कोणता?”

“अखजीच्या आधी पिकणारा.”

“चवीला कसा पाहिजे?”

“चवीचं तुमी पाहा. म्या त टाइम सांगून राह्यली.”

इतक्या वर्षांत आंब्याला वेळ विचारणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा भेटलं होतं. मी विचारलं, घाई कसली?

“माह्या बुढ्याले जाऊन साल झालं. जिंदगीभर म्हणे, आंगणात एक आंबा लावू. मी म्हणो, मंग मिरच्या कुठं वाळवू, तुमच्या डोक्षावर? एक डाव त्याइनं रोप आणून लावलं बी. मी उपटून बकरीले टाकलं.” त्यांनी घमेलं खाली ठेवलं. “त्याइनं पाह्यलं. जेवले अन् वावरात गेले. आता अखजीले घागरीवर बाजारातला आंबा ठेवतो, त मले तो बुढा पाह्यते आहे असं वाटते. त्याच्याच आंगणातला एक आंबा त्याच्या घागरीवर ठेवतो. मंग मी मोकळी.”

याहून स्पष्ट मागणी मी नोकरीत ऐकलेली नाही. वरिष्ठांकडून तर नाहीच.

बोलता बोलता त्यांचं लक्ष जांभळीखाली गेलं. “ते कोणते होय जी?”

“ते बिमार आहेत.”

“बिमार? अन् इतके हिरवेगार?”

“हिरवेपणाचाच रोग आहे.”

हे वाक्य मी खरोखर बोललो. कृषी पदवीधर माणूस. गिरजाबाई हसल्या नाहीत. “असन बाप्पा. रोगाचं तुमालेच समजते,” म्हणाल्या.

मी नीलमचं एक बरं कलम निवडलं. वाईट निवडलं नाही, हे मी पुढे बरीच वर्षं स्वतःला बजावत होतो. घमेल्यात ठेवून दिलं.

“हळवं आहे नं?”

“हळवं आहे.”

“अखजीले पिकीन?”

“पिकेल.”

त्या कलम डोक्यावर घेऊन गेल्या. रिपोर्टमधला एक नीलम कमी झाला. दुसऱ्या दिवशी जांभळीखालची कलमं जीपमधून बंगल्यावर गेली. साहेबांची पुढच्याच वर्षी बदली झाली. नव्या साहेबांना गाडीसाठी शेड हवी होती आणि ती कलमं नेमकी आडवी येत होती, म्हणून उपटली गेली. म्हणजे त्या हळव्या कलमांचं फळ कुणी खाल्लं नाही. कारभार तसा निःपक्षपातीच म्हणायचा.

गिरजाबाईंच्या अंगणात नीलम मात्र जोरात वाढला. चांगल्या झाडाचं हे एक वाईट असतं, ते कुणाची अब्रू राखायला मरत नाही.

पहिलं फळ धरलं त्या वर्षी अखजी झाल्यावर गिरजाबाई ऑफिसात आल्या आणि ओच्यातून एक कच्चा आंबा काढून टेबलावर ठेवला.

“सायेब, हा त दगड हाये.”

“पहिल्या बहराला असं होतं. झाड अजून नवं आहे.”

त्या मान हलवून गेल्या. त्या साली त्यांचे आंबे पावसात पिकले आणि निम्म्यात अळ्या निघाल्या, असं मला नंतर कळलं.

पुढच्या साली परत आल्या. मी म्हणालो, पाणी कमी पडलं असेल. त्यांनी वर्षभर विहिरीवरून पाणी वाहिलं. त्याच्या पुढच्या साली मी म्हणालो, पाणी जास्त झालं, आता फक्त शेणखत घाला. त्यांनी पाणी तोडलं आणि खत घातलं. माझा प्रत्येक सल्ला शास्त्रीय होता. कुठल्याही झाडाला कुठल्याही वर्षी देता आला असता. दरवेळी मनात यायचं की सांगून टाकावं : बाई, हा गरवा आहे, तुम्ही याला दुधानं आंघोळ घाला, हा आषाढाशिवाय पिकायचा नाही. पण ते सांगितलं की हिरवेपणाचा रोगही सांगावा लागला असता.

मग एका चैत्रात त्या आल्या त्या आंबा न घेता.

“सायेब, या अखजीले आमच्या घरी पितर म्हणून या.”

“मी? नाही, मला त्या दिवशी ऑफिसचं—”

“ऐतवार हाये. मी पाहून आली.”

“घरातलं, नात्यातलं कुणी बोलवा ना.”

“झाड तुमी देल्लं. बुढ्याले आंबा तुमच्याच तोंडानं भेटन.”

अखजीच्या दिवशी गेलो.

अंगण सारवलेलं. मधे नीलम, पानोपान हिरवा, फळांनी वाकलेला, एकही पिवळं नाही. कोपऱ्यात नवी घागर आणि तिच्यावर एक सुरकुतलेला आंबा. गिरजाबाईंनी कच्चेच उतरवून गवताच्या अढीत घातले होते. पूर्ण न भरलेलं फळ अढीत पिकत नाही, नुसतं म्हातारं होतं. हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. सांगणारा पाटावर बसला होता.

मला कुंकू लावलं. ताट आलं. पोळी, भजी, कढी, आणि वाटीत फिकट पांढरट रस. मुलगा आणि सून स्वयंपाकघराच्या दारात उभे. पितर जेवेपर्यंत ते चाखणार नव्हते, म्हणजे रस कसा झालाय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सुनेनं साखरेचा डबा पुढे केला. गिरजाबाईंनी तो मागे सारला.

“साखर नोको. त्याइले मालूम पडलं पाह्यजे, आपल्या झाडाचा कसा हाये ते.”

मी पोळीचा घास रसात बुडवून तोंडात घातला. दात आंबले. चिंचेला निदान आपण चिंच आहोत हे ठाऊक असतं. गिरजाबाई समोर उकिडव्या बसल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि माझ्याकडे बघत विचारलं, “कसा हाये?”

विचारलं ते मला नव्हतं. आवाज वेगळा होता, हळू. त्या आवाजात त्या माझ्याशी ना आधी बोलल्या, ना नंतर.

खरं सांगायची ती वेळ होती, हे मला तिथेच कळलं. कळण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

“गोड आहे,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मग वाटी उचलली आणि काठोकाठ भरून आणली. “मंग घ्या अजून. तुमच्यासाठीच त हाये.”

ती संपवली. तिसरी आली. तीही संपवली. त्या तीन वाट्या ही माझ्या नोकरीतली एकमेव शिक्षा, आणि तीही आग्रहाची होती.

मी हात धुतल्यावर गिरजाबाईंनी उरलेल्या रसाला बोट लावून जिभेवर ठेवलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. सुनेला म्हणाल्या, “पोट्टेहो, तुमी साखर टाकून घ्या.” मग माझ्याकडे वळून, “सायेब, माह्या बुढ्याचं असंच होतं. मी भाजी जाळली त म्हणे, मस्त झाली. मीठ इसरली त म्हणे, मस्त झाली. पुऱ्या जिंदगीत माह्यापुढं एक डाव खरं बोलले नाई.” माझं ताट उचलत म्हणाल्या, “तुमी त अगदी त्याइच्यावानी बसले.”

हा टोमणा होता की समाधान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवायला गेलो की दोन्ही बाजूंनी दात आंबतात.

निघताना त्यांनी तिखटाची पुडी हातात दिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आता मिरच्या कुठे वाळवता?”

“शेजारणीच्या आंगणात. तिच्या घरी झाड नाई.” दारापर्यंत आल्या. “सायेब, पुढच्या अखजीले त पिकीन नं?”

“पिकेल,” मी म्हणालो.

म्हणजे तेच खोटं मी दोनदा बोललो. पहिल्यांदा साहेबांसाठी बोललो, असं म्हणता येतं. दुसऱ्यांदा तिथे साहेब नव्हते.

त्या पावसाळ्यात माझी बदली झाली. मी ती मागून घेतली होती. फिरत फिरत गेल्या वर्षी परत याच जिल्ह्यात आलो. गिरजाबाई आहेत. कान गेलेत, म्हणतात, पण जीभ शाबूत आहे. नीलमही आहे. दर आषाढात पिकतो, आणि घागरीवर बाजारातलाच आंबा असतो. विहिरीजवळचं हळवं झाड अजून उभं आहे. आता भेट कलमाचीही गरज नाही, फांदीची काडी आणून सोप्या रीतीनं कलम बांधता येतं. मला कुणी मनाई केलेली नाही. पण कलम घेऊन गेलो तर त्या विचारतील, हे कोणतं होय? आणि मग पहिलं कोणतं होतं, ते सांगावं लागेल.

लोक अजूनही विचारतात, परसात कोणता आंबा लावू? मी सांगतो : चव नंतर विचारा, आधी तो कधी पिकतो ते विचारा. आणि सांगणाऱ्याच्या मागे सावलीत काय ठेवलंय, ते एकदा जवळ जाऊन पाहा.

गिरजाबाईंना मी एक हळवं कलम देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.