सोमवारचं मलम

चंद्राबाईच्या घरी सोमवारी मासळी शिजत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर तिचं घर, नवरा बोटीवर, दारात बोंबील वाळत घातलेले. पण सोमवारी ती सुक्या मासळीच्या टोपलीला हात लावत नाही. त्या दिवशी पहाटे डोक्यावरून अंघोळ करते, चूल सारवते आणि मलम करायला बसते.

मेण तिला तलासरीकडच्या पाड्यांतून मिळतं. मध काढून झाल्यावर उरलेलं पोळं लोक फेकून द्यायचे. चंद्राबाईनं ते सुक्या जवळ्याच्या बदल्यात मागायला सुरुवात केली, तेव्हा बाया हसल्या होत्या. ते पोळं ती पाण्यात उकळते, जुन्या सुती लुगड्यातून गाळते आणि थंड होऊ देते. वर तरंगलेली मेणाची वडी पुन्हा उकळते. शेवटी ती वडी मुंग्यांच्या वाटेवर ठेवते. मुंग्या चिकटल्या तर मध राहिलाय, परत उकळायची. "तान्ह्या पोराच्या तोंडात मध जाता कामा नये," हे ती सगळ्यांना सांगते. मुंग्या बाजूनं निघून गेल्या की मेण झालं. मग ते घरीच काढलेल्या खोबरेल तेलात वितळवायचं. उन्हाळ्यात मेण थोडं जास्त, थंडीत तेल जास्त. थेंबभर ओठावर ठेवून ती अंदाज घेते, आणि उकळून वाळवलेल्या शिंपल्यांत भरून दोऱ्यानं बांधते. बाळंतिणीच्या चिरलेल्या स्तनाग्रांना लावायचं हे मलम ती विकत नाही, मासळीबरोबर देते. झरीपासून वेवजीपर्यंतच्या पाड्यांत किती पोरं या मलमाच्या आधारानं आईला लुचली असतील, त्याचा हिशोब तिनं ठेवलेला नाही. पण "चंद्राबायचं मलम" हे शब्द कुणी उच्चारले की तिची मान जरा वर होतेच.

म्हणूनच २०१७ च्या हिवाळ्यात झरीच्या एका अंगणात टोपली उतरवताना कानावर पडलं ते तिला फार लागलं.

"तुझं मलम लावलं नि माझ्या सुनेला रक्त आलं, चंद्राबाय." सोनीबाई ओटीवरूनच बोलली. बोंबील घ्यायला जमलेल्या बाया वळून बघू लागल्या. "पोर रात्रभर रडतंय. माझा लेक दिपक आज अच्छाडच्या दुकानातून दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन येईल. बस झालं आता."

सोनीबाईची सून वर्षा पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. चंद्राबाई तिच्याकडे आत गेली. वर्षा भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर, पण अंगापासून लांब धरलेलं.

"मला दाखव बघू, पोरी."

वर्षानं पदर बाजूला केला. चंद्राबाई वाकून बघत राहिली. चीर होतीच, पण भोवतालची कातडी पांढरी, कोरडी, ओढल्यासारखी झाली होती. ढीगभर कपडे धुतल्यावर हात होतात तशी. आणि वास. दिवसभर मासळीत वावरणाऱ्या बाईच्या नाकाला तो लगेच कळला.

"साबण लावतेस?"

वर्षानं दाराकडे पाहिलं. दारात सोनीबाई उभी होती.

"मीच सांगितलं," सोनीबाई म्हणाली. "दर वेळी पाजायच्या आधी घासून धू म्हटलं. तुझ्या हाताला बोंबलाचा वास. नातवाच्या तोंडात जायचं ते!"

"आणि तुझ्या कालवणात जातात तेव्हा नाही येत वास?"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. सोनीबाईचा चेहरा लाल झाला.

"खाण्याचं वेगळं, बाळंतिणीचं वेगळं."

चंद्राबाईनं कनवटीचा नवा शिंपला काढला, दोरा सोडला आणि तिच्यापुढे धरला. "घे वास. सगळ्यांच्या देखत घे."

सोनीबाईनं आधी लांबून, मग जवळ नेऊन वास घेतला. पुन्हा घेतला.

"खोबऱ्याचा येतोय," ती नाइलाजानं म्हणाली.

"तोच येणार. तू हिला साबणानं घासायला लावत राहिलीस तर माझं मलम काय, देवाचं मलम लावलं तरी कातडी फाटेल. साधं पाणी पुरतं." मग ती वर्षाजवळ बसली, पण हात मांडीवरच ठेवून. "माझे हात आज मासळीचे. मी हात नाही लावणार. सोनीबाय, साध्या पाण्यानं पुसून घे नि तूच धर पोराला."

"मी नाही पाजणार," वर्षा रडवेल्या आवाजात म्हणाली. "मावशी, जीव जातो माझा."

"जातो. मला ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूनं पाज, तिकडे चीर कमी आहे. एकदाच बघ. नाही जमलं तर मीच म्हणेन, डबा येऊ दे."

वर्षानं डोळे पुसले. सोनीबाईनं ओल्या फडक्यानं पुसून दिलं. मग वर्षानं स्वतःच बाळाला जवळ घेतलं.

"असं नाही, नुसतं टोक नको देऊ," चंद्राबाई म्हणाली. "सोनीबाय, त्याचं पोट आईच्या पोटाला लागू दे. तोंड मोठं उघडू दे त्याला. थांब, अजून मोठं. हां, आता आण जवळ! काळा भाग आत गेला पाहिजे."

वर्षानं दात आवळले, पायाची बोटं आत वळली. मग बाळाच्या घशातून घोट गिळल्याचा आवाज आला, पाठोपाठ आणखी एक. वर्षाची बोटं हळूहळू सुटली.

"दुखतंय?" सोनीबाईनं विचारलं.

"कमी," वर्षा म्हणाली. तिच्या तोंडावर घाम होता आणि हसू होतं. "आई, बघा, पितोय तो. मी पाजतेय त्याला."

"पाजल्यावर चार थेंब दूध तिथंच चोळून वाळू दे, मग पातळसं मलम," चंद्राबाईनं सांगितलं. "आणि ताप आला, छाती दगडासारखी झाली, तर सरळ दवाखाना गाठायचा. त्याला माझं मलम नाही."

बाहेर बाया थांबल्याच होत्या. सोनीबाई ओटीवर आली, पदर कमरेला खोचला आणि जणू हे सगळं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं अशा आवाजात शेजारच्या धोंडीला म्हणाली, "तुझ्या लेकीचे दिवस भरत आलेत ना? हिच्याकडून मलम घेऊन ठेव. आणि साबण लावू देऊ नको तिला, समजलं? लोकांना एवढंही कळत नाही."

चंद्राबाईनं तिच्याकडे पाहिलं. टोपली डोक्यावर घेतली आणि पुढच्या अंगणाकडे निघाली.

"बोंबील घ्या, जवळा घ्या!"

तिचा आवाज त्या दिवशी पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचला.