तारी बाईंचा डबा

तारी बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांचा एक गट आहे. त्यावर सकाळी कुणीतरी समईचं चित्र टाकलं, खाली बाईंचं नाव आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. मध्येच कुणीतरी प्रशिक्षणाच्या हजेरीची आठवण करून दिली, त्याखाली पुन्हा हात. बाई हयात असताना यातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्यासाठी 'आडमुठी' यापलीकडे शब्द वापरला नव्हता. मला किळस आली... आणि सवयीने मीही दोन हात जोडून टाकले. पाच आठवडे झाले, ती किळस गेलेली नाही. ती त्या लोकांची कमी आणि माझी जास्त आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

बाई नोकरीत होत्या तेव्हा मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या दहाबारा प्राथमिक शाळांवर देखरेख करणारा माणूस. मालवणजवळ खाडीपलीकडे रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, एक वाडी आहे. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत शालिनी तारी शिकवायच्या. ज्यांना परवडायचं त्यांची मुलं व्हॅनमधून शहरातल्या इंग्रजी शाळेत जायची. ज्यांचे बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आणि आया मासळी सुकवणाऱ्या, ती बाईंच्या वाट्याला. माझ्या पहिल्याच भेटीत तिसरीतल्या एका मुलीने धडा असा घडाघडा वाचला, की मी टाळी वाजवली. बाई हसल्या नाहीत. "सर, पान बघा," म्हणाल्या. पुस्तक भलत्याच धड्यावर उघडं होतं. मुलीला धडा पाठ होता, अक्षर एक येत नव्हतं. मग बाईंनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातलं खोकल्याच्या औषधाचं खोकं उचलून मुलीपुढे धरलं. तिचे कान लाल झालेले मला आठवतात, आणि "हळूहळू वाचशीत गो बाय," असं म्हणत बाईंनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हातही.

त्या डब्यात कुणाला पाठ नसेल असं सगळं असायचं. दर सोमवारी प्रत्येक मुलाने घरातला एक छापील कागद आणायचा, असा बाईंचा नियम. दशावताराची जाहिरात, लग्नपत्रिका, फोंडाघाटच्या एसटीचं तिकीट, कुणाच्या आजीच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी... हात घालून जे येईल ते वाचता आलं, की मूल वाचतं. बाईंची परीक्षा एवढीच. रापण लागली की वर्ग ओस पडायचा, कारण दोर ओढणाऱ्या प्रत्येक हाताला मासळीचा वाटा मिळतो, लहान हातालासुद्धा. आसपासच्या शाळांतले शिक्षक गैरहजेरी मांडून मोकळे होत. बाई डबा घेऊन किनाऱ्यावर जात. जाळं आत यायला तास न् तास लागतात. दमलेलं मूल होडीच्या सावलीत टेकलं, की त्याच्यापुढे डबा. मी हे आमच्या बैठकांमध्ये विनोद म्हणून सांगायचो. सगळे पोट धरून हसायचे.

मग खात्याचे प्रगतीचे तक्ते आले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहायचं: वाचता येतं, वाचता येत नाही. केंद्रातल्या बाकीच्या सगळ्या शाळा शंभर टक्के. बाईंनी एकोणीसपैकी अकरा मुलांपुढे 'येत नाही' लिहिलं. मला वरून फोन आला, तुमच्याच केंद्राला काय झालंय? मी धावत वाडीत गेलो, समजावलं, शेवटी आवाज चढवला. साहेबांशी बाई नेहमी शुद्ध बोलत. त्या दिवशी नाही बोलल्या. "सर, येणा नाय तर येता म्हणान कसा लिवू? मगे ह्या पोरांका कोण इचारतलो?"

कोणी विचारणार नव्हतंच. मी कचेरीत परतलो, निळ्या शाईच्या पेनाने नवा तक्ता भरला, अकरा मुलांना एका दुपारी वाचायला शिकवलं आणि चहा प्यायलो. वर बाईंना माझ्या सहीने नोटीस काढली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्रांतल्या मागे पडलेल्या शाळांना एकेक जादा शिक्षक मिळाला. बाईंच्या शाळेला नाही. शंभर टक्क्यांना कशाला हवा? बाई एकट्याच त्या अकरांना शाळा सुटल्यावर आपल्या ओट्यावर बसवत राहिल्या. सात वाचते झाले. चार जण पुढे हायस्कुलात गेले आणि दिवाळीच्या आत होडीवर. त्या चौघांची नावं मला अजून तोंडपाठ आहेत, कारण ती मीच लिहिली होती, वळणदार अक्षरात. नोटिशीला बाईंनी उत्तर दिलं नाही, मीही मागितलं नाही. निवृत्तीनंतर बाजारात भेटल्या, की "बरे आसात मा, सर?" एवढंच विचारायच्या.

परवा शोकसभा झाली. व्यासपीठामागच्या फलकावर बाईंचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'शंभर टक्के प्रगत शाळेच्या शिल्पकार'. माझा खोटा तक्ता, बाईंच्या हनुवटीखाली! तक्त्यावरून ज्यांनी मला फोन केला होता त्या साहेबांनी दीपप्रज्वलन केलं. प्रत्येक वक्त्याने ती टक्केवारी उच्चारली. मीही बोललो, चांगला बोललो, पुढच्या रांगेत दोघींनी डोळे पुसले. मग बटाटेवडे आले. तो वडा हातात घेऊन मी उभा होतो आणि मला आपल्या तोंडाचीच शिसारी आली...

तिथून मी वाडीत गेलो. बाई लग्न न करता भावजयीकडे राहायच्या. ओट्यावर पाचसहा मुलं बसली होती, मध्ये तोच डबा. "बाई गेली तरी पोरां येतत," वहिनी म्हणाल्या. "माका शिकवूक येणा नाय, नुसती बसान ऱ्हवतंय. तुमी बसा, चाय ठेवतंय." एका मुलीने डोळे मिटून डब्यात हात घातला. आलेला कागद घड्यांवर विरलेला, कडा बोटांनी मऊ झालेल्या. ती न अडखळता वाचू लागली. "आपण सादर केलेल्या तक्त्यामुळे केंद्राची प्रतिमा मलिन झाली आहे. याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा."

माझी नोटीस. इतकी वर्षं डब्यात.

"त्यात जोडाक्षरां बरी आसत म्हणान," वहिनी आतून म्हणाल्या. "बाई सगळ्यांका वाचूक लावी."

"खाली नाव कोणाचं आहे, तेही वाच," मी म्हणालो. तिने कागद उजेडाकडे धरला, माझं नाव सावकाश वाचलं आणि वर बघितलं.

"ह्यो परब खंयचो, आजोबा?"

"तो मीच, बाय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग कागदाची होती तशी घडी घातली आणि परत डब्यात ठेवला, पुढच्याला वाचायला.