सुनंदाची आत्या कुठून आली?

मंडळी, पेणच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आपल्या पत्रद्वारा कोर्समधली रोह्याची सुनंदा माझी जिवलग मैत्रीण. तिला विद्यापीठाच्या लायब्ररीत जायला जमेना, म्हणून गणपतीच्या मूर्तींवरच्या प्रकल्पाची माझी वही तिला वाचायला दिली.

आज प्रकल्प द्यायला गेले, तर सर म्हणाले, "हा तर सुनंदाने कालच दिलाय."

तिचा प्रकल्प उघडून पाहिला. शब्द न् शब्द माझा! "माझी आत्या सांगते" हेसुद्धा तसंच. सुनंदाला आत्याच नाही! संदर्भसूचीत मी शोधलेली सगळी पुस्तकं आहेत; हमरापूरला मूर्तींचे डोळे आखणाऱ्या माझ्या आत्याचं नाव तेवढं उडवलंय.

फोन केला, तर सुनंदा म्हणते, "आत्या काय पुस्तक हाय, नाव लिवायला?"

येताना आत्याकडे गेले. ब्रश खाली न ठेवता तिने विचारलं, "माझं नाव गेलं का गो विद्यापीठात?"

तुम्ही काय सांगितलं असतं?