पारापासून मोजलेली उंची

"समुद्र बघितलाय का कधी?"

साहेबांनी मला हे विचारलं तेव्हा लातूरच्या आमच्या ऑफिसात चौदा माणसं बसली होती. भिंतीवरच्या पडद्यावर मी केलेलं डिझाइन होतं. अहमदपूरकडच्या एका गावाची नळयोजना. गावातल्या ठिकाणांच्या उंचीच्या जागी मी शून्य, दोन, नऊ असे आकडे भरले होते.

"समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची असते. बघितलाय का समुद्र?"

मी खरंच बघितला नव्हता. तसं सांगितलं. लोक हसले. मग साहेब शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सवलतीवर डिग्री घेतली की असंच होतं."

आता कुणी हसलं नाही. पण कुणी काही बोललंही नाही. त्या हसण्यापेक्षा या गप्प बसण्याचा मला जास्त राग आला. अजून येतो. मी मान खाली घालून बसून राहिले, त्याचाही येतो.

चूक माझीच होती. नाकारत नाही. पण ती कशी होते ते ऐका. आमच्याकडे गावाची पातळी मोजायला माणूस गेला की पहिली पट्टी मारुतीच्या पाराजवळ उभी करतो. पार म्हणजे शून्य. तिथून शाळा दोन मीटर वर, बाजार एक मीटर खाली, असं वहीत लिहून आणतो. आमच्या ऑफिसातले पातळी मोजणारे, मुरुडचे बालाजीमामा उभी हयात हेच करत आले. त्यांच्या आधीचेही हेच करायचे. पाण्याच्या टाकीची उंची मात्र सरकारी नकाशातून येते, ती समुद्रापासूनची. पाचशे मीटरच्या वर. हे दोन्ही आकडे एकाच सॉफ्टवेअरात गेले की त्याला वाटतं, पाणी पाचशे मीटरच्या कड्यावरून पडतंय. मग ते बोटाएवढा पाइप सुचवतं, सगळीकडे हिरवे ठिपके लावतं आणि मोकळं होतं. एका शब्दानं विचारत नाही की बाई, ही उंची कुठून मोजलीस.

ते सॉफ्टवेअर साहेबांनीच लिहिलेलं. पहिल्याच पडद्यावर एकतीस चौकोन. प्रत्येकावर इंग्रजीतली दोन-तीन अक्षरं. अर्थ कुठंच नाही. अर्थ फक्त साहेबांना ठाऊक. विचारायला गेलं की आधी पाणउतारा, मग उत्तर. आमचे इंजिनिअर त्यांच्या केबिनबाहेर ताटकळत उभे राहायचे. उत्तरापेक्षा त्या उभं राहण्याचीच साहेबांना गोडी असावी.

चुका फार वाढल्या तेव्हा आमच्या कंपनीच्या मालकांनी ठरवलं, हे सगळं नव्यानं करायचं, सोपं करायचं. नांदेडच्या कॉलेजात मी प्रोग्रॅमिंग शिकले होते. म्हणून काम माझ्याकडे आलं. साहेबांच्या कपाळावर आठी उमटली ती कायमचीच.

पहिल्या दिवशी मी बालाजीमामांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि जुना पडदा उघडून दिला. ते हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

"हात लावा की मामा."

"नको ताई. बिघडलं म्हंजी? साहेब लई बोलतेत."

"काय भरायचं ते तुम्हाला माहीत आहे."

"मला गाव माहीत हाय. हे न्हाई."

तालुक्यातल्या गावागावाचा चढ-उतार या माणसाच्या पायांना पाठ. आणि त्याला चौकोनांची भीती घालून ठेवली होती. मला रडू आलं नाही. संताप आला.

एकतीसचे मी नऊ चौकोन केले. प्रत्येकावर सरळ मराठीत प्रश्न. उंची कुठून मोजली, पारापासून की समुद्रापासून? पार सांगितला की पाराची समुद्रापासूनची उंची एकदाच भरायची, बाकीची बेरीज सॉफ्टवेअरनं करायची. मामांनी एका दुपारी अख्खं गाव भरलं. मधे मला एकदाच हाक मारली, तीही चहा घ्यायला.

ते पाहून साहेब म्हणाले, "एवढं सोपं केलं तर कोणीही करील."

कोणीही. हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. 'कोणीही शिकायला लागलं तर कसं' म्हणत माझ्या आजाला शाळेच्या दारातून परत पाठवलं होतं. साहेब तसं बोलेपर्यंत मला वाटायचं, काम अवघडच आहे, आपणच कमी पडतो. त्या दिवशी कळलं, ते अवघड राखलेलं आहे. आणि इतकी वर्षं मी स्वतःलाच मठ्ठ म्हणत आले होते.

मग मी माझं गाव भरून पाहिलं. भोकर तालुक्यातलं. आमची बौद्धवस्ती ओढ्यापलीकडं माळावर, पारापेक्षा अकरा मीटर वर. वस्तीत नळ आहेत, पाणी नाही. माझी आई अजून हापशावरून पाणी आणते. विचारलं की उत्तर ठरलेलं, तुमचं शेवटचं टोक आहे, जोर कमी पडतो. पडद्यावर आमच्या वस्तीचा ठिपका लालभडक झाला. मी गावाच्या योजनेची जुनी फाइल शोधली. ती आमच्याच ऑफिसातली निघाली. तिच्यात वस्ती नव्हतीच. घरं थोडी असली तर ते ठिकाण न भरता पुढं जाता यायचं. एवढी एक सोय मात्र साहेबांनी करून ठेवली होती. डिझाइन गावातच संपलं होतं. आमचे नळ मागाहून कुणीतरी जोडून दिले होते.

आईला फोनवर सांगितलं.

"मंजी आमी कागदावरच नव्हतो व्हय?"

"हाव," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअरात अट घातली. ग्रामपंचायतीच्या यादीतली प्रत्येक वस्ती भरल्याशिवाय, आणि शेवटच्या नळाला किती जोरानं पाणी पोचतं ते दिसल्याशिवाय, डिझाइन छापलंच जाणार नाही.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाकी ठीक आहे. ती अट ऐच्छिक करा. सगळ्या वस्त्या धरल्या की पाइप जाड लागतो, मंजुऱ्या अडतात."

"नाही करणार."

"भावना कामात आणू नका."

"पाणी आपोआप चढावर जात नाही साहेब. यात भावना कुठं आली?"

"उद्यापर्यंत काढा. नाहीतर काम दुसऱ्याकडे देतो."

"तसं लेखी द्या. कोणत्या गावाची कोणती वस्ती सोडायची, नावानिशी लिहून द्या."

ते लिहून देणार नाहीत. असली गोष्ट कुणी लिहून देत नाही, ती नुसती एक चौकोन रिकामा ठेवून केली जाते. म्हणून आज सकाळी मी नवं सॉफ्टवेअर मालकांना पाठवून दिलं, अटीसकट. सोबत माझ्या गावाची जुनी फाइल लावली आणि खाली पूर्ण नावानं सही केली. काम काढून घेतील, घेऊ द्या. नोकरी जाईल, जाऊ द्या. वस्ती गाळून केलेल्या डिझाइनला माझा हात यापुढं लागणार नाही.